टोल्युईन ते टायटॅनिया: विज्ञानाचे मोफत संदर्भसाठे कसे वापरावेत

एम.एस्सी.ला असताना माझ्या जर्नलमध्ये मी एक आकडा ऐटीत चौकटीत लिहिला होता. ८० अंश सेल्सिअसला टोल्युईनचा बाष्पदाब : ४०,३८१ मिलिमीटर पारा. खाली दोन रेघाही मारल्या होत्या. सर पानं उलटत होते, तिथे थांबले आणि म्हणाले, "ही बाटली अजून शाबूत आहे ना?" मला कळायला अर्धा मिनिट लागला. ४०,३८१ मिलिमीटर म्हणजे जवळपास ५३ वातावरणं. घरातला कुकर जेमतेम दोन वातावरणांना शिट्टी देतो.

गणित बरोबर होतं, स्थिरांकही बरोबर होते. पण ते सिनियरच्या झेरॉक्सवरून उतरवले होते आणि झेरॉक्स काढताना उजवी कड कापली गेल्यामुळे एककं गेली होती. तापमानावरून बाष्पदाब काढायचं सूत्र सेल्सिअसचं होतं, मी केल्विन घातले. पुढे इंटरनेटवरचे संदर्भसाठे हाताशी आले तेव्हा वाटलं की आता हा घोळ संपला. संपला नाही. आता विद्यार्थी झेरॉक्सऐवजी स्क्रीनशॉट आणतात आणि स्क्रीनशॉटचीही उजवी कड कापलेली असते.

म्हणून हा लेख. यात साठ्यांची नुसती यादी नाही. यादी कुठेही मिळेल. एक पदार्थ हातात धरून एकेका साठ्यात शिरायचं, तिथून आकडा काढायचा आणि त्याबरोबर त्याचा पत्ताही काढायचा, हे कसं करायचं ते दाखवतो. पत्ता म्हणजे काय? पदार्थ कोणत्या अवस्थेत होता, तापमान आणि दाब किती होता, कोणी आणि कधी मोजलं, की मोजलंच नाही आणि संगणकावर काढलं.

आधी वही आखा

ब्राउझर उघडण्याआधी वहीत किंवा एक्सेलमध्ये हे रकाने आखून घ्या : पदार्थ, सीएएस क्रमांक, गुणधर्म, मूल्य, एकक, अवस्था, तापमान व दाब, प्रयोग की गणित, मूळ शोधनिबंध, कुठल्या साठ्यात पाहिलं, कोणत्या तारखेला. अकरा रकाने आहेत आणि पहिल्या दिवशी कंटाळा येतो. पण प्रबंध लिहायला बसल्यावर 'ही किंमत कुठून घेतली होती' म्हणून ब्राउझरची जुनी हिस्टरी चाळण्यात जी रात्र जाते, ती वाचते.

पायरी १ : नाव सोडा, क्रमांक धरा

एका बाटलीवर टोल्युईन असतं, जुन्या बाटलीवर टोल्युओल, पाठ्यपुस्तकात मिथाइलबेंझिन. रेणुसूत्राने शोधलंत तर आणखी गंमत. सात कार्बन आणि आठ हायड्रोजन टाकले की टोल्युईनच्या जोडीला सायक्लोहेप्टाट्राईन, नॉरबॉर्नाडाईन अशी भावंडंही येतात. तेव्हा पहिलं काम सीएएस क्रमांक शोधण्याचं. हा क्रमांक अमेरिकन केमिकल सोसायटीची केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस देते आणि रसायनाच्या बहुतेक बाटल्यांच्या लेबलवर तो छापलेला असतो. टोल्युईनचा आहे १०८-८८-३.

या क्रमांकात चूक पकडायची सोय आहे. शेवटचा अंक हा तपासणीचा. तो बाजूला ठेवा, उरलेले अंक उजवीकडून घ्या आणि क्रमाने १, २, ३, ४, ५ ने गुणा. टोल्युईनसाठी : ८×१, ८×२, ८×३, ०×४, १×५. बेरीज ५३. शेवटचा अंक ३, आणि क्रमांकाच्या शेपटीलाही ३. जुळलं. लेबल पुसट असेल, ८ आहे की ३ हे कळत नसेल, तर ही बेरीज दहा सेकंदांत निकाल लावते. क्रमांक मुळात माहीतच नसेल तर त्याच संस्थेचं 'कॉमन केमिस्ट्री' हे मोफत संकेतस्थळ आहे. नेहमीच्या वापरातले जवळपास पाच लाख पदार्थ त्यात आहेत.

पायरी २ : निस्टचं वेबबुक

भौतिक रसायनशास्त्रासाठी मी सगळ्यात आधी इथेच जातो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने, म्हणजे निस्टने, १९९६ मध्ये केमिस्ट्री वेबबुक सुरू केलं. दिसायला ते अजूनही त्याच काळातलं वाटतं, आणि तेच बरं. जाहिरात नाही, लॉगिन नाही, कॉलेजच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवरही उघडतं.

शोधाच्या पानावर नाव, सूत्र, सीएएस क्रमांक असे वेगवेगळे पर्याय आहेत. क्रमांकाचा घ्या. तिथेच एककांचा पर्याय आहे, एसआय की कॅलरी. हा आधी पाहा. पुढे हवी ती माहिती निवडायची : वायू अवस्थेतली ऊष्मारासायनिक माहिती, द्रव-घन अवस्थेतली, अवस्थांतराची, इन्फ्रारेड वर्णपट, मास वर्णपट वगैरे. अवस्थांतराची निवडा.

आता तक्ता नीट वाचा. घाईत माणूस डावीकडचे दोन रकाने वाचतो, गुणधर्म आणि मूल्य. खरा माल उजवीकडे आहे : पद्धत, संदर्भ आणि शेरा. टोल्युईनच्या उत्कलनांकासमोर एकच आकडा दिसतो, पण ती अनेक मोजमापांची सरासरी असते. सुटी मोजमापं पाहायचा दुवा तिथेच दिलेला असतो. तो एकदा उघडाच. शंभर वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी मोजलेले आकडे एकाखाली एक दिसतात, आणि कोणाचं टोल्युईन किती शुद्ध असेल याचा अंदाज आपोआप यायला लागतो.

खाली अँटॉइन समीकरणाचे, म्हणजे त्याच बाष्पदाबाच्या सूत्राचे, स्थिरांक आहेत, माझा जुना शत्रू. वेबबुकमधलं समीकरण असं :

लॉग पी = ए − बी ÷ (टी + सी)

लॉग दहाच्या पायाचा, दाब बारमध्ये, तापमान केल्विनमध्ये. टोल्युईनचे एकापेक्षा जास्त संच दिलेले आहेत. त्यातला ३०८.५२ ते ३८४.६६ केल्विन या टप्प्याचा संच घेऊ : ए ४.०७८२७, बी १३४३.९४३, सी −५३.७७३. हा १९४५ च्या मोजमापांवरचा आहे. निस्ट तेव्हा नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या नावाने ओळखली जायची आणि तिथल्या रोसिनींच्या गटाने हायड्रोकार्बनांवर हे काम केलं होतं.

८० अंश म्हणजे ३५३.१५ केल्विन. त्यातून ५३.७७३ वजा केले की २९९.३७७. १३४३.९४३ ला त्याने भागा, ४.४८९१३ येतात. ४.०७८२७ मधून ते वजा करा, उरतात −०.४१०८६. दहाचा तेवढा घात : ०.३८८ बार, म्हणजे सुमारे २९१ मिलिमीटर पारा.

आता माझ्या झेरॉक्सवरचे आकडे : ए ६.९५४६४, बी १३४४.८, सी २१९.४८२. हे मिलिमीटर पारा आणि सेल्सिअससाठी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा वेगळाच पदार्थ असावा. पण वेबबुकच्या ए मध्ये २.८७५ मिळवा, कारण एका बारमध्ये साधारण ७५० मिलिमीटर आणि त्याचा लॉग तेवढा. आणि सी मध्ये २७३.१५ मिळवा. येतात ६.९५३ आणि २१९.३८. म्हणजे झेरॉक्सवरचेच, फक्त कपडे बदललेले. त्यात ८० घातले की पुन्हा २९१. त्यात ३५३.१५ घातले की माझे ५३ वातावरणं. आणि उलटी चूक केली, म्हणजे वेबबुकच्या सूत्रात ८० घातले, तर दशांशचिन्हानंतर ४७ शून्यं येतात. ही चूक त्यातल्या त्यात बरी, लगेच डोळ्यांत भरते.

लपून राहते ती तिसरी चूक : टप्प्याबाहेर जाणं. वरचा संच ३५ अंश सेल्सिअसच्या थोडा वर सुरू होतो आणि १११ च्या आसपास संपतो. शून्य अंशाला तो वापरलात तर आकडा दिसायला अगदी सभ्य येतो आणि चूक कोणाला दिसत नाही. वेबबुकमध्ये कमी तापमानासाठी वेगळा संच आहे, तो घ्या. आणि संचाची तापमानकक्षा वहीत लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच टप्प्याबाहेर जाल.

दुसरी नेहमीची ठेच अवस्थेची. पाण्याची निर्मिती-ऊष्मा शोधली तर दोन आकडे मिळतात : वायूसाठी उणे २४१.८ किलोजूल प्रति मोल आणि द्रवासाठी उणे २८५.८. दोन्ही बरोबर. फरक ४४ चा, म्हणजे २५ अंशांना पाण्याची वाफ व्हायला लागणारी ऊर्जा. मिथेन जळताना दोन मोल पाणी तयार होतं, त्यामुळे ज्वलनऊष्मा एका हिशेबाने ८९० येते आणि दुसऱ्या हिशेबाने ८०२. इंधनाच्या प्रोजेक्टमध्ये अर्धे आकडे या रांगेतून आणि अर्धे त्या रांगेतून घेतलेले मी इतक्या वेळा पाहिलेत की आता आधी तेवढंच तपासतो.

पायरी ३ : पबकेम, पण जपून

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचं पबकेम २००४ पासून आहे आणि त्यात दहा कोटींहून अधिक संयुगं आहेत. टोल्युईनचा तिथला क्रमांक ११४०. रचना, समानार्थी नावं, इंचाय आणि स्माइल्स या संगणकाला कळणाऱ्या ओळी, धोक्याची चिन्हं, प्रयोगशाळेतल्या सुरक्षिततेचा सारांश असं सगळं एका पानावर मिळतं. नवीन रसायन हाताळण्याआधी तो सुरक्षिततेचा भाग वाचण्यासाठी पबकेमसारखी सोय नाही.

पण पबकेम स्वतः काही मोजत नाही. ते गोळा करतं. त्यामुळे एकाच मथळ्याखाली पाच ठिकाणचे पाच आकडे सापडतात. टोल्युईनचा बाष्पदाब पाहा. एक ओळ सांगते २१ मिलिमीटर, दुसरी २८.४. भांडण वाटतं, पण पहिला ६८ अंश फॅरनहाइटचा, म्हणजे २० सेल्सिअसचा आणि दुसरा २५ चा आहे. खोलीचं तापमान पाच अंशांनी वाढलं की टोल्युईनची वाफ एवढी वाढते. पुण्यात मे महिन्यात पंखा बंद असलेल्या लॅबमध्ये किती होत असेल ते वरच्या समीकरणाने स्वतः काढून बघा. प्रत्येक आकड्याखाली तो पुरवणाऱ्या संस्थेचं नाव असतं, ते उतरवा. 'पबकेमवरून घेतलं' हा पत्ता म्हणजे 'पोस्टातून आलं' असं सांगण्यासारखं आहे.

अनेक संयुगांची माहिती एकदम हवी असेल तर प्रोग्रामने मागता येते. पायथॉनच्या पंधरा-वीस ओळी पुरतात. सेकंदाला पाचपेक्षा जास्त मागण्या पाठवू नका, नाहीतर दार बंद होतं. आणि खऱ्या कामाआधी दहा संयुगांवर चाचणी घ्या. पाचशेच्या यादीत क्षाराच्या जागी आम्ल आलेलं नंतर सापडत नाही.

पायरी ४ : वर्णपट जुळवताना

वेबबुकमधले इन्फ्रारेड वर्णपट पुष्कळदा वायू अवस्थेतले असतात, तुमचा असतो पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीतला किंवा एटीआरवर, म्हणजे नमुना थेट स्फटिकावर दाबून घेतलेला. इथॅनॉल घ्या. द्रवात त्याच्या ओएच गटाचा पसरट डोंगर ३३५० प्रति सेंटीमीटरच्या आसपास दिसतो, कारण रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. वायूत ती पकड सुटते आणि तिथे ३६५० च्या पुढे बारीक टोकदार शिखर उरतं. दोन्ही वर्णपट इथॅनॉलचेच. हे माहीत नसलेला विद्यार्थी 'नमुना अशुद्ध आहे' असं लिहून मोकळा होतो. वर्णपटाखाली अवस्था लिहिलेली असते, आधी ती वाचा.

सेंद्रिय रसायनाचं काम असेल तर जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस हा साठा पाहायलाच हवा. एकाच संयुगाचे प्रोटॉन व कार्बन एनएमआर, इन्फ्रारेड, मास, काहींचे रामन आणि ईएसआर असे सगळे वर्णपट एका ठिकाणी मिळतात आणि माणसांनी नीट तपासून लावलेले असतात. टोल्युईनमध्ये मिथाइलचे प्रोटॉन २.३ पीपीएमच्या जवळ, कार्बन २१ पीपीएमच्या जवळ आणि मास वर्णपटात ९२ चा मूळ आयन असूनही सगळ्यात उंच शिखर ९१ चं. एक हायड्रोजन गेला की उरलेला तुकडा जास्त टिकाऊ होतो, म्हणून. मात्र रोज पन्नासच वर्णपट उतरवून घेता येतात. अख्ख्या वर्गाने सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच नेटवरून धाड घालू नये.

पायरी ५ : भौतिकशास्त्राचे आकडे

मूलभूत स्थिरांक कोडाटा ही आंतरराष्ट्रीय समिती ठरवते आणि निस्ट ते आपल्या संकेतस्थळावर ठेवते. सध्या वापरात आहे तो २०२२ चा संच. २० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि ॲव्होगॅड्रोची संख्या या चौघांची मूल्यं व्याख्येनेच पक्की झाली, त्यांना आता त्रुटी नाही. त्यामुळे वायू स्थिरांक ८.३१४४६२६१८... हाही अचूक ठरला. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान मात्र मोजावंच लागतं आणि २०१८ आणि २०२२ च्या संचांत त्याचे शेवटचे अंक वेगळे आहेत. अहवालात 'कोडाटा २०२२' एवढे दोन शब्द टाकले की पुढचा वाद मिटतो.

कंसातली भाषाही शिकून घ्या. गुरुत्व स्थिरांक ६.६७४३०(१५) असा लिहिलेला दिसेल, पुढे दहाचा उणे अकरावा घात. कंसातले १५ हे शेवटच्या दोन अंकांतली अनिश्चितता दाखवतात, म्हणजे ०.०००१५. तो गुणाकार नव्हे. हसू नका, कॅल्क्युलेटरवर तसा गुणलेला मी पाहिलाय.

बी.एस्सी.च्या वर्णपटमापीच्या प्रात्यक्षिकासाठी निस्टचाच अणू वर्णपटांचा साठा आहे. सोडियम शोधताना मूलद्रव्याच्या चिन्हापुढे रोमन एक लिहायचा असतो. रोमन एक म्हणजे उदासीन अणू, दोन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला. इथेच बरेच जण अडखळतात, कारण दोन टाकल्यावरही यादी येते, फक्त भलतीच. तरंगलांबीची मर्यादा ५८० ते ६०० नॅनोमीटर द्या, नाहीतर यादी संपत नाही. ५८८.९९५ आणि ५८९.५९२ ही आपली ओळखीची पिवळी जोडी मिळेल.

हे आकडे हवेतले आहेत. हा साठा मुळात २०० ते २००० नॅनोमीटरच्या टप्प्यात हवेतली तरंगलांबी देतो आणि त्याबाहेर निर्वातातली. निर्वातात पहिली रेष ५८९.१५८ होते. याने तुमच्या प्रयोगाला काय फरक पडतो? १५,००० रेषा प्रति इंचाची ग्रेटिंग घ्या. पहिल्या क्रमात रेष साधारण २०.४ अंशांवर पडते. हवा आणि निर्वात यांतल्या फरकाने कोन हलतो तो एका मिनिटाच्या (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि आपला व्हर्नियर वाचतो एक मिनिट. म्हणजे काळजी नको. दोन पिवळ्या रेषांतलं अंतर मात्र सव्वा मिनिटाच्या आसपास आहे. म्हणूनच फट बारीक केल्याशिवाय त्या सुट्या दिसत नाहीत आणि व्हायव्हाला नेमकं हेच विचारतात. रामन किंवा फायबर वर्णपटमापी पाऱ्याच्या दिव्याने जुळवत असाल तर मात्र हवा-निर्वाताचा फरक सोडू नका. तिथे ५४६.०७ ची हिरवी रेष सोयीची.

त्याच यादीत सापेक्ष तीव्रतेचा रकाना असतो. त्यावरून 'सोडियमपेक्षा पारा तेजस्वी' असले निष्कर्ष काढू नका. ते आकडे एकाच वर्णपटातल्या रेषांची ढोबळ तुलना करण्यापुरते आहेत.

पायरी ६ : स्फटिकांच्या दुनियेत

पदार्थविज्ञानात क्रमांकही पुरत नाही. आपल्याकडे प्रोजेक्टला लाडका पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजेच टायटॅनिया. त्याचा सर्वसाधारण सीएएस क्रमांक १३४६३-६७-७, ॲनाटेजचा १३१७-७०-० आणि रुटाइलचा १३१७-८०-२. अणू तेच, मांडणी वेगळी, आणि मांडणी बदलली की घनता, अपवर्तनांक, प्रकाशाखालचं वागणं सगळंच बदलतं. घाऊक क्रमांकाखाली मिळालेली घनता कोणाची, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती वापरू नका.

इथे मोफत मिळणारा मोठा आधार म्हणजे क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस, थोडक्यात सीओडी. २००३ मध्ये सुरू झाला, लिथुआनियातल्या व्हिल्नियस विद्यापीठातून चालतो आणि त्यात पाच लाखांहून अधिक रचना आहेत. शोधाच्या पानावर टायटॅनियम आणि ऑक्सिजन ही मूलद्रव्यं भरा आणि मूलद्रव्यांची संख्या किमान २, कमाल २ ठेवा. हे विसरलात तर टायटॅनियम असलेली सगळी सेंद्रिय संयुगंही अंगावर येतील. तरी यादी मोठीच असेल. अवकाशगटाने, म्हणजे स्फटिकाच्या सममितीच्या प्रकाराने, गाळा : ॲनाटेजचा क्रमांक १४१, रुटाइलचा १३६.

कोणती नोंद घ्यायची? रचनेची सिफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा; ती साधी मजकुराचीच असते. त्यात तापमान, दाब, वर्ष, नियतकालिक आणि आर-गुणांक (रचना मोजमापांशी किती जुळते याचं माप, कमी तितकं चांगलं) पाहा. उच्च दाबाखाली मोजलेल्या रचनाही याच यादीत निमूट बसलेल्या असतात, त्या चुकून घेतल्या की क्ष-किरण पावडर आकृतीतली सगळी शिखरं उजवीकडे सरकतात. खोलीच्या तापमानाची, नेहमीच्या दाबाची, कमी आर-गुणांकाची एक नोंद निवडा आणि तिचा सात अंकी क्रमांक वहीत लिहा.

मग ती फाइल वेस्टामध्ये टाका. हे जपानमध्ये तयार झालेलं, शैक्षणिक कामासाठी मोफत सॉफ्टवेअर आहे. तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम क्ष-किरणांसाठी पावडर आकृती काढायला सांगा. ॲनाटेजचं मोठं शिखर २५.३ अंशांवर, रुटाइलचं २७.४ वर. तुमच्या आलेखात दोन्ही दिसत असतील तर नमुना मिश्र आहे, आणि भट्टीचं तापमान किती ठेवलं होतं हे आठवायची वेळ आली आहे. स्वतःच्या यंत्राची खात्री करायला सिलिकॉनचं शिखर २८.४४ वर येतं का पाहा. ते सरकलेलं असेल तर बाकी सगळं त्याच मापाने दुरुस्त करा.

केंब्रिजच्या सीसीडीसीकडे सेंद्रिय आणि धातु-सेंद्रिय स्फटिकांच्या दहा लाखांहून अधिक रचना आहेत. पूर्ण शोधयंत्रणेला पैसे पडतात, पण शोधनिबंधात दिलेला नोंदक्रमांक टाकला की ती एक रचना फुकट मिळते.

सह्याद्रीच्या खनिजांवर काम करणाऱ्यांसाठी दोन पत्ते. खाणीतून किंवा विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या स्टिल्बाइट-ह्यूलँडाइटसारख्या झिओलाइटांची ओळख पटवायची असेल तर ॲरिझोना विद्यापीठातला रफ प्रकल्प रामन वर्णपट आणि पावडर आकृत्या देतो; आंतरराष्ट्रीय झिओलाइट संघटनेचा रचनासाठा सांगाड्यांना तीन अक्षरी नावं देतो, स्टिल्बाइटचं एसटीआय, ह्यूलँडाइटचं एचईयू. वाघोलीच्या निळ्या कॅव्हन्साइटमुळे पुणे जिल्ह्याचं नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांच्या तोंडी असतं, आणि आपलीच मुलं तो खडक 'काहीतरी निळं' म्हणून सोडून देतात.

पायरी ७ : न मोजलेले आकडे

२०११ मध्ये बर्कलीत सुरू झालेला मटेरियल्स प्रोजेक्ट वेगळ्या जातीचा आहे. तिथले बहुतेक आकडे मोजलेले नसून क्वांटम यांत्रिकीच्या गणितातून, म्हणजे डीएफटीने (डेन्सिटी फंक्शनल थिअरीने) काढलेले आहेत. मोफत नोंदणी केली की एक किल्ली मिळते आणि पायथॉनमधून लाखभराहून अधिक पदार्थ चाळता येतात. नवा बॅटरी-पदार्थ किंवा थर्मोइलेक्ट्रिक शोधणाऱ्याला हे घबाडच आहे.

पण सिलिकॉनचं पान उघडा. पट्टीअंतर (बँड गॅप) ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास दिसेल. प्रयोगात ते १.१२ आहे. हा टंकनदोष नाही. नेहमीची डीएफटी पट्टीअंतर कमीच सांगते, हे त्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच प्रकारच्या गणितात ॲनाटेज रुटाइलपेक्षा किंचित स्थिर दिसतं, प्रत्यक्षात उलट आहे. शंभर पदार्थांची आपापसांत तुलना करायला हे आकडे उत्तम. एका पदार्थाचा आकडा उचलून 'आमच्या फिल्मचं पट्टीअंतर प्रमाण मूल्यापेक्षा जास्त आले' असं लिहायला अजिबात नाही.

याचं आणखी एक रूप मी परीक्षक म्हणून अनेकदा पाहिलंय. त्या गणितात सिलिकॉनच्या घनाची बाजू ५.४७ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, मोजलेली ५.४३१ आहे. फरक एक टक्क्याहून कमी. पण पावडर आकृतीत त्यामुळे पहिलं शिखर २८.४४ ऐवजी २८.२४ वर पडतं. विद्यार्थी आपला खरा आलेख त्या गणिती आकृतीवर ठेवतो, ०.२ अंशांचा फरक पाहतो आणि 'नॅनोकणांमुळे जाळी आकुंचन पावली' असा आख्खा परिच्छेद लिहितो. आकुंचन झालेलं नसतं. तुलना सीओडीच्या मोजलेल्या रचनेशी करायला हवी होती.

पैसे कुठे लागतात

सायफाइंडर, रिअ‍ॅक्सिस, कार्लस्रुहचा आयसीएसडी, आयसीडीडीच्या पावडर फाइल्स हे सगळे पैशांचे मामले आहेत. एखादी अभिक्रिया आधी कोणी केली आहे का हे शोधायला पहिल्या दोघांना तोड नाही. ते हवेच असतील तर जवळच्या मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात दिवसभर बसायची परवानगी काढा आणि जाताना प्रश्नांची यादी करून जा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' जानेवारी २०२५ पासून सुरू झालं आहे. त्यात तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना इनफ्लिबनेटमार्फत खुली होतात. वेबबुकच्या संदर्भाच्या रकान्यात दिसलेला मूळ निबंध वाचायला याचा थेट उपयोग होतो. मूळ निबंध उघडल्यावर पहिलं काय पाहायचं? नमुन्याची शुद्धता आणि तापमान कसं मोजलं, या दोन ओळी.

उतरवून ठेवा

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन सरकारचा खर्च मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज ठप्प झालं आणि निस्टची संकेतस्थळंही बंद पडली. पुन्हा २०१८ च्या डिसेंबरअखेर आणि २०१९ च्या जानेवारीत तेच. सबमिशन काही त्यांच्यासाठी थांबत नाही. जे पान कामाचं वाटलं ते त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा, फाइलच्या नावात सीएएस क्रमांक आणि तारीख टाका, उदाहरणार्थ '१०८-८८-३ बाष्पदाब वेबबुक', पुढे दिवस-महिना-वर्ष. स्क्रीनशॉट घेतलातच तर उजवी कड धरून घ्या.

माझ्या वहीतली टोल्युईनची ओळ आता अशी आहे : टोल्युईन, १०८-८८-३, बाष्पदाब, ०.३८८, बार, द्रव-वाफ समतोल, ३५३.१५ केल्विन, प्रयोगावर बेतलेलं अँटॉइन समीकरण, कक्षा ३०८.५२ ते ३८४.६६ केल्विन, १९४५, रोसिनींचा गट, निस्ट वेबबुक, पाहिल्याची तारीख. लिहायला दोन मिनिटं लागली.